अंथरूण कुणाचं मोजलं? जावा आणि कंटेनरची गोष्ट

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल: अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरची सेटिंग्ज. पण त्यामागचा इतिहास भारी आहे.

समजा तुमचं जावा अ‍ॅप लॅपटॉपवर मस्त चालतंय. सर्व्हरवर कंटेनरमध्ये टाकलं, लोड आला आणि ते गप्पकन मेलं. लॉगमध्ये एक्सेप्शन नाही, काही नाही. फक्त एक्झिट कोड १३७. हा आकडा कुठून आला ते कळायला आधी २००४ मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ५ आणलं. त्यात एक नवी कल्पना होती, एर्गोनॉमिक्स. प्रोग्रॅमरने प्रत्येक सेटिंग हाताने का लिहावं? जेव्हीएमनेच मशीनकडे बघून ठरवावं. २ किंवा जास्त प्रोसेसर आणि किमान २ जीबी मेमरी असेल, तर ते सर्व्हर मशीन समजायचं. हीप, म्हणजे ऑब्जेक्ट्स ठेवायची जागा, जास्तीत जास्त मेमरीच्या एक चतुर्थांश. तेव्हा त्यालाही १ जीबीची मर्यादा होती, ती पुढे वाढली. गार्बेज कलेक्टरचे थ्रेड किती, हेही प्रोसेसर मोजून ठरायचं. एका मशीनवर एकच मोठा सर्व्हर चालायचा तो काळ. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा शहाणपणाच होता.

पण अंथरुणाचीच वाटणी सुरू झाली. २००६ मध्ये गूगलचे इंजिनियर पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी लिनक्ससाठी एक काम हाती घेतलं: प्रोसेसचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला मेमरी, सीपीयू मोजून द्यायचं. जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मध्ये ते सीग्रुप्स नावाने आलं. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि हीच सोय घरोघरी पोचली.

खरी गोम इथे आहे. सीग्रुप मर्यादा घालतो, पण बाकीचं मशीन लपवत नाही. कंटेनरच्या आतून मेमइन्फो फाइल वाचली, तर अख्ख्या मशीनची मेमरी दिसते. म्हणजे चाळीतली एक खोली भाड्याने घेतली आणि फर्निचर मात्र पूर्ण चाळीच्या मापाने आणलं, तसं झालं. मशीन ६४ जीबीचं, कंटेनरची मर्यादा १ जीबी, आणि जेव्हीएमला वाटतंय की हीप १६ जीबीपर्यंत वाढवता येईल. मग कचरा गोळा करायची घाई कशाला? हीप वाढत जातो, १ जीबी ओलांडतो आणि कर्नल प्रोसेसला सिग्नल ९ देऊन मारतो. १२८ अधिक ९, झाले १३७. जावाच्या हिशेबाने मेमरी संपलेलीच नसते, म्हणून त्याची आउट ऑफ मेमरी एररही येत नाही.

सीपीयूचं दुखणं आणखी छुपं. ६४ कोअरच्या मशीनवर पॅरलल कलेक्टर ४३ थ्रेड काढतो. कंटेनरला कोटा २ सीपीयूचा, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत २०० मिलिसेकंदांचं काम. समजा ४० थ्रेड एकदम धावले, तर हा कोटा ५ मिलिसेकंदांत संपतो. उरलेले ९५ मिलिसेकंद सगळं अ‍ॅप हाताची घडी घालून बसतं. युजरला दिसतं ते एवढंच: अ‍ॅप स्लो आहे.

सुरुवातीला लोक हीपचा आकडा हाताने लिहायचे. मग एप्रिल २०१७ मध्ये जावा ८ च्या १३१ व्या अपडेटमध्ये प्रायोगिक फ्लॅग आला, यूजसीग्रुपमेमरीलिमिटफॉरहीप. मार्च २०१८ मध्ये जावा १० ने कंटेनर ओळखणं डीफॉल्टच केलं आणि हीप टक्क्यांत सांगायची सोय दिली, मॅक्सरॅमपर्सेंटेज. त्याच ऑक्टोबरमध्ये ते जावा ८ मध्येही आलं. गंमत पुढे आहे. जावा ११ मध्ये तो जुना फ्लॅग काढून टाकला. ज्यांनी तो कॉपी-पेस्ट करून ठेवला होता, त्यांचं जेव्हीएम ११ वर गेल्यावर सुरूच होईना! त्यानंतर सीग्रुप्सची दुसरी आवृत्ती रुळली, फाइलींच्या जागा बदलल्या, जुनं जेव्हीएम परत आंधळं झालं. तो आधार सप्टेंबर २०२० मध्ये जावा १५ मध्ये आला.

मग आता प्रश्न संपला? नाही. २००४ चा तो एक चतुर्थांश अजून डीफॉल्ट आहे. १ जीबीच्या कंटेनरमध्ये हीपला २५६ एमबीच मिळतात, बरीचशी जागा तुम्ही भाडं भरून रिकामी ठेवता. म्हणून कुणी टक्केवारी थेट १०० करतं, तर तेही चुकतं. मेटास्पेस, कोड कॅशे, थ्रेड स्टॅक हे सगळं हीपच्या बाहेर राहतं. टॉमकॅटचे डीफॉल्ट कमाल थ्रेड २००, प्रत्येकाचा स्टॅक साधारण १ एमबीपर्यंत वाढू शकतो. ती जागा कुठून आणणार? शिवाय जावा १७ मध्ये कंटेनरला १ च सीपीयू दिला, तर जेव्हीएम गुपचूप जी-वनऐवजी सिरियल कलेक्टर निवडतं. २००४ चा तोच नियम: २ प्रोसेसर नाहीत, म्हणजे हे सर्व्हर मशीन नाही!

म्हणून ट्यूनिंगची सुरुवात नवा फ्लॅग शोधून करू नका. आधी कंटेनरच्या आत प्रिंटफ्लॅग्जफायनल लावून जेव्हीएम चालवा आणि बघा, त्याला आपलं घर केवढं वाटतंय. कमाल हीप किती, कलेक्टर कोणता, त्याचे थ्रेड किती. हे आकडे तुम्ही दिलेल्या मर्यादेशी जुळले, की मग टक्केवारी आणि थ्रेड यांना हात लावा. आणि कुठलाही फ्लॅग कॉपी करताना तो कोणत्या वर्षीचा, कोणत्या जावाचा, एवढं नक्की बघा.

तुमच्या कंटेनरमध्ये काय आकडे आले, ते कळवा. भेटू पुढच्या भागात!