पात्याचा लेप उतरवणे

पात्याचा लेप उतरवणे : कार्बन पोलादाच्या चाकूवर कारखान्यात चढवलेला संरक्षक थर काढून, पाते घासून त्याला नवे रूप देण्याची प्रक्रिया. रानावनात वापरायच्या जाड अमेरिकी चाकूंच्या बाबतीत हा उद्योग विशेष चालतो. का-बार, त्याच कंपनीचे बेकर आणि ईएसईई हे त्यातले ठळक मासले. या चाकूंचे पोलाद बहुधा 1095 किंवा त्याच्या जवळचे असते. त्यात कार्बन सुमारे 0.95 टक्के, तर क्रोमियम जवळजवळ नसतेच. स्टेनलेस म्हणवून घ्यायला पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम लागते. साहजिकच 1095 ला धार उत्तम लागते आणि गंजही तितक्याच तत्परतेने चढतो. तो रोखण्यासाठी लेप.

लेपाचे दुसरे काम कंपन्या फारसे बोलून दाखवत नाहीत. पाणी देण्यासाठी पाते भट्टीत तापवले की पृष्ठभागावर काळी खपली धरते आणि तिच्या खालच्या पातळ थरातला कार्बन हवेत जळून जातो. हा थर मऊ आणि खडबडीत राहतो. तो घासून गुळगुळीत करायचा तर मजुरी वाढते. जाड पावडर लेप मारला की खाचा, ओरखडे, खपलीचे डाग सगळे झाकले जाते आणि चाकू स्वस्तात विकता येतो. यात फसवणूक नाही, पण लेप उतरवल्यावर खालून आरशासारखे पोलाद निघेल या आशेवर बसणाऱ्याची निराशा ठरलेली. तरीही लोक तो उतरवतात, कारण खरबरीत लेप लाकडात अडतो, अन्न चिरताना चिकटतो आणि वापरासोबत चट्ट्याचट्ट्यांनी निघत जातो.

आधी लेप कोणता ते ओळखावे लागते. पावडर किंवा इपॉक्सीचा लेप म्हणजे भाजून पक्का केलेला रंगच. तो रसायनाने फुगून सुटतो. ब्लूइंग किंवा काळे ऑक्साइड हा वरून दिलेला थर नसून पोलादाच्याच पृष्ठभागाचे मॅग्नेटाइटमध्ये झालेले रूपांतर असते. व्हिनेगरमध्ये बुडवले की तो थोड्या वेळात उतरतो. फॉस्फेटचा करडा थरही आम्लाला दाद देतो. टायटॅनियम नायट्राइड किंवा हिऱ्यासदृश कार्बनचे (डीएलसी) थर मात्र निर्वात कक्षात चढवलेले, जेमतेम काही मायक्रॉन जाडीचे आणि खालच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतात. पेंट रिमूव्हरने त्यांचे काही बिघडत नाही. असा थर असेल तर तो राहू द्यावा. तो मुळातच चांगला असतो.

रिमूव्हर लावण्याआधी मूठ काढून ठेवतात. बेकरच्या मुठीचे पल्ले स्क्रूने बसवलेले असल्याने हे काम सोपे जाते. चामड्याच्या चकत्या ओवलेली का-बारची पारंपरिक मूठ निघत नाही. तिच्यावर प्लास्टिक गुंडाळून कडेला टेप पक्की लावावी लागते, कारण रसायन चामड्यात शिरले की चामडे गेलेच म्हणायचे. मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावरचा लेप मुद्दाम तसाच ठेवतात. तिथे ओल साचते आणि साचलेली दिसत नाही.

रिमूव्हरचा डबा घेताना त्यावरचे घटक वाचावेत. मिथिलीन क्लोराइडचे रिमूव्हर सर्वांत झटपट काम करते, पण ते 40 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते आणि त्याची वाफ शरीरात गेल्यावर तिचे कार्बन मोनॉक्साइड होते. बंद खोलीत काम करताना यामुळे माणसे दगावली आहेत. अमेरिकेत 2019 पासून रंग काढण्यासाठी ते किरकोळ ग्राहकांना विकता येत नाही. बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर सावकाश चालते, पण पुरते. पात्यावर त्याचा जाड थर फासून वर प्लास्टिक लपेटले की तो वाळत नाही. काही वेळाने लेपाला आधी सुरकुत्या पडतात, मग पापुद्रे सुटू लागतात. ते प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढावेत. शिक्क्याच्या अक्षरांत अडकलेला रंग पितळी ब्रशने निघतो. अक्षरे ठोकलेली असतील तर पुढच्या घासकामातही टिकतात. लेझरने उमटवलेली असतील तर निरोप घेतात.

आता खरे काम. खडबडीत थर घासायला कानस किंवा 80 ते 120 नंबरचा कागद लागतो. इथे ग्राइंडर लावण्याचा मोह होतो आणि बहुतेक पाती तिथेच बिघडतात. कडक केलेले 1095 पोलाद साधारण 200 ते 260 अंशांवर पुन्हा तापवून चिवट केलेले असते. ग्राइंडरखाली पातळ धार क्षणात त्यापलीकडे तापते. धारेवर गवती पिवळा रंग दिसला तर ती 220 अंशांच्या घरात पोचली, निळा दिसला तर 300 च्या. निळ्या पडलेल्या जागेचे पाणी उतरलेले असते. ती पुढे धार धरत नाही आणि घरच्या घरी काही करून ते परत आणता येत नाही. पट्ट्याचे यंत्र वापरायचेच असेल तर पाते उघड्या हातात धरावे आणि हाताला चटका लागण्याआधी पाण्यात बुडवावे. रसायन, कागद, आम्ल यांतल्या बहुतेक चुका निस्तरता येतात, ही मात्र नाही.

हाताने घासणेच बरे. पाते फळीवर क्लॅम्पने घट्ट आवळावे, धारेला दोन-तीन पदर टेप लावावी आणि वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पाणी किंवा तेल लावून चालवावा. नुसत्या बोटांनी धरलेला कागद कडा गोलावतो आणि मधे खड्डे पाडतो. नंबर 120, 220, 320, 400, 600 असे चढते. दर नंबरला दिशा बदलतात : एकदा आडवे, एकदा तिरके. आधीच्या कागदाचे ओरखडे मग स्पष्ट वेगळे दिसतात आणि ते पुरते गेल्याशिवाय पुढे जायचे नसते. 600 वर आल्यावर 220 चा एखादा ओरखडा डोळ्यांत खुपला तर मागे फिरण्यावाचून गत नाही. शेवटचे हात मात्र मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, न थांबता. मधेच मागे-पुढे केले की कागद वळला तिथे आकड्यासारखी खूण राहते. 400 ते 600 वर थांबणे शहाणपणाचे. त्यापुढची चकाकी कामाच्या चाकूवर पहिल्या वापरातच जाते.

उघडे पोलाद तसेच ठेवले तर कोकणातल्या पावसाळ्यात एका रात्रीत तांबते. म्हणून त्याला मुद्दाम काळपट करतात. लोखंडी विळीवर कैरी, चिंच किंवा केळफूल चिरून तिचे पाते जसे काळे पडते, तीच ही क्रिया; फक्त इथे ती घडवून आणायची असते. कोमट व्हिनेगर, मोहरीची पेस्ट किंवा कडक कॉफी चालते. अधिक गडद आणि एकसारखा रंग हवा असेल तर पातळ केलेले फेरिक क्लोराइड वापरतात. सर्किट बोर्ड कोरण्यासाठी ते लागत असल्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. बुडवण्याआधी पाते अ‍ॅसिटोनने पुसावे, नाहीतर बोटाचा ठसा उमटतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारतात. मग बारीक गोटे आणि थोडे तेल घातलेल्या डब्यात पाते खुळखुळवले की दगडघाशी करडा पोत येतो. त्यावर नवे ओरखडे लपून जातात. दिसायला साधा, पण आमच्या मते कामाच्या पात्याला सर्वांत शोभणारा.

हा काळा थर गंज लांबवतो, अडवत नाही. वापरानंतर पाते पुसून तेलाचे बोट फिरवावेच लागते. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन अन्नाला चालते आणि खवट होत नाही. खोबरेल बऱ्यापैकी टिकते. शेंगदाण्याचे तेल हळूहळू चिकट होते. चामड्याच्या म्यानात पाते महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडे ओल धरते.

अशा फेरफारानंतर कंपनीची हमी टिकेलच असे नाही, हे आधी तपासावे. दुसऱ्या महायुद्धातल्या का-बारला, म्हणजे अमेरिकी मरीन कोअरने 1942 मध्ये स्वीकारलेल्या 7 इंची पात्याच्या चाकूच्या त्या काळातल्या नगांना, कागद लावूच नये. संग्राहक त्यांच्या मूळ थराचे आणि शाबूत शिक्क्यांचे पैसे मोजतात. घासून लखलखीत केलेल्या नगाची किंमत पडते.