साधं का पॉवर?

मारुंजी परिसरातल्या एका पेट्रोल पंपावर मागच्या पावसाळ्यात आम्ही रांगेत उभे होतो. आमच्या पुढे एक काळी, लांबलचक जर्मन गाडी होती. पंपावरच्या मुलाने काचेशी वाकून विचारले, "दादा, साधं का पॉवर?" आतून उत्तर आले, "या गाडीला साधं कधी टाकलंय का रे?" मुलगा ओशाळून हसला आणि त्याने दुसरी नळी उचलली. गंमत अशी की त्या पंपावर 'पॉवर' नावाचे पेट्रोल विकायला नव्हतेच. ते नाव हिंदुस्तान पेट्रोलियमचे. हा पंप दुसऱ्या कंपनीचा आणि तिच्या महाग पेट्रोलचे नाव निराळे. पण कोणत्याही वनस्पती तुपाला जसे 'डालडा' म्हटले गेले, तसे आमच्या भागात महाग पेट्रोलला 'पॉवर' म्हणतात. विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही.

भाषा शिकविणाऱ्यांची खोड म्हणून आम्ही त्या दोन शब्दांपाशी अडखळलो. साधे म्हणजे काय, आणि जे साधे नाही ते नेमके काय असते? लिटरमागे जादा मोजलेल्या रुपयांत काय विकत घेतले जाते? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते, असे आमचे मत झाले आहे.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीच्या शेजारचे गाव. हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाचे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि एका पिढीच्या आत या पट्ट्यातली जमीन एकरांऐवजी गुंठ्यांत मोजली जाऊ लागली. पुण्याच्या बोलीने या बदलाला 'गुंठामंत्री' असा एक शब्द दिला आहे. तो उपहासाचा आहे आणि आम्हाला फारसा आवडत नाही. ज्याच्या बापजाद्यांची जमीन गेली त्याने तिच्या पैशातून मोठी गाडी घेतली, तर हसणाऱ्यांनी आधी स्वतःच्या सदनिकेखालची जमीन कोणाची होती ते आठवावे. असो. अशा गाडीचा मालक तिला 'साधे' पाजायला का कचरतो, हे समजणे अवघड नाही. प्रश्न एवढाच, की त्याचा हा संकोच गाडीच्या उपयोगाचा आहे का.

मुळात पेट्रोलची प्रत एका अंकावर ठरते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते व ठिणगीने पेटते. हलके पेट्रोल या दाबाखाली अवेळी भडकते आणि इंजिन आतून ठोकू लागते. हे ठोकणे सोसण्याची इंधनाची ताकद म्हणजे ऑक्टेन अंक. जितका दाब अधिक, तितका अंक मोठा हवा. गाडी किती लाखांची आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. संबंध आहे तो इंजिनाच्या रचनेशी. आजच्या उंची गाड्यांत ठोकण्याची चाहूल घेणारा संवेदक असतो. अंक कमी पडला की तो ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो. इंजिन एका टाकीने मोडत नाही, पण त्याचा जोर उतरतो आणि इंधन अधिक लागते.

ठोकण्यावरचा पहिला मोठा उपाय ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना सापडला. तो उपाय म्हणजे शिसे: टेट्राएथिल लेड. १९२३ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन गावी ते पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले आणि त्याचे नाव ठेवण्यात आले 'एथिल'. शिशाचे विष तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. म्हणून नावातून शिसे तेवढे वगळले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात ते द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही 'एथिल' हे चांगल्या, चढ्या दराच्या पेट्रोलचे नाव म्हणून रूढ झाले. महाग पेट्रोलच्या इतिहासाची सुरुवात अशी एका नावाने झाली आहे, आणि ते नाव सांगण्यापेक्षा लपविण्याचे काम अधिक करीत होते.

आपल्याकडे शिसे गेले ते फार उशिरा. एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बसविणे सक्तीचे झाले व त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल आले. शिशाने तो परिवर्तक निकामी होतो. पुण्याचे नाव त्या चारांत नव्हते. आणि नेमक्या त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमध्ये, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीज-बेंझ गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे २००९ मध्ये ती चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. म्हणजे जगातली एक नावाजलेली उंची गाडी आमच्या दारात तयार होऊ लागली तेव्हा तिला मानवेल असे पेट्रोल सरकारने आमच्या गावाला अजून नेमून दिलेले नव्हते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. गाडी आधी आणि इंधन मागून, हा क्रम आपल्याकडे वारंवार दिसतो. त्याकडे पुन्हा यावे लागेल.

१ एप्रिल २००२ रोजी सरकारने नियंत्रित दरांची जुनी व्यवस्था कागदोपत्री संपविली. त्याच सुमारास भारत पेट्रोलियमचे 'स्पीड', हिंदुस्तान पेट्रोलियमचे 'पॉवर' आणि इंडियन ऑइलचे 'एक्स्ट्राप्रीमियम' ही नावे पंपांवर झळकली. या पेट्रोलांत इंजिनाच्या आतला मळ धुऊन काढणारी द्रव्ये मिसळलेली होती आणि तो गुण खोटा नव्हता. पण 'स्पीड ९७' सारखा मोजका अपवाद सोडला, तर त्यांचा ऑक्टेन अंक साध्या पेट्रोलच्या आसपासच होता. ज्या गाडीला ९५ हवे होते तिला या जादा रुपयांत ९५ मिळत नव्हते. तरीही मोठ्या गाड्यांचे मालक तेच घेत राहिले. का?

आमच्या मते कारण होते भेसळ. या शतकाच्या आरंभी भारत पेट्रोलियमने 'प्युअर फॉर शुअर' अशी मोहीम चालविली होती. पेट्रोल विकणाऱ्या कंपनीला आपले पेट्रोल हे खरोखर पेट्रोलच आहे अशी जाहिरात करावी लागते, यातच त्या काळाचे सारे वर्णन आले. रेशनचे रॉकेल गरिबाच्या स्टोव्हसाठी सवलतीत मिळे, डिझेल त्याहून बरेच महाग, पेट्रोल त्याहूनही. या तफावतीत एक अख्खा व्यवसाय जगत होता. डिझेलमध्ये रॉकेल सहज खपते. पेट्रोलमध्ये नाफ्था आणि सॉल्व्हंट. रॉकेलला निळा रंग दिला, २००६ मध्ये त्यात ओळख पटविणारे रसायनही घातले. ती योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली. स्वस्तातले पेट्रोल म्हणजे कशाततरी काहीतरी घातलेले, हा आपल्या लोकांचा पक्का समज या दिवसांतला आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे.

त्याची किंमत काहींनी जीव देऊन मोजली. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी येथे इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला. भेसळीवरून त्यांनी एका पंपावर कारवाई केली होती. आणि २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, आपल्या नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. मुंबईहून नळवाटे येणारे इंधन तेथून टँकरने पुढे जाते. सोनवणे कामासाठी त्या रस्त्याने चालले असताना त्यांना एका ढाब्यापाशी टँकरमधून चोरी होताना दिसली. ते थांबले आणि छायाचित्रे घेऊ लागले. त्या दिवशी ते गाडीतून न उतरते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. २७ जानेवारीला राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. वर्गात आम्ही निष्ठा, कर्तव्य हे शब्द शिकवितो तेव्हा अजूनही तो ढाबा डोळ्यांपुढे येतो.

या पार्श्वभूमीवर 'पॉवर टाक' म्हणणाऱ्याचे मन वाचता येते. महाग माल कोणी बिघडविणार नाही, या भरवशासाठी तो जादा पैसे देत होता. हा भरवसा तर्काला धरून नव्हता. पंप तोच, मालक तोच, जमिनीखालच्या टाक्या शेजारी शेजारी. आणि साधे पेट्रोल तपासायला गाळणकागदावर एक थेंब पुरतो, जो डाग न ठेवता उडाला पाहिजे. हा कागद मागण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे. तो मागताना आम्ही फार थोड्या लोकांना पाहिले आहे. मागणाऱ्याकडे मागच्या रांगेतले लोक ज्या नजरेने पाहतात ती सोसण्यापेक्षा काही रुपये जादा देणे सोपे वाटत असावे.

स्वस्त पण चांगले, ही कल्पना आपल्याकडे रुजू दिली गेली नाही याला सरकारी दरांचाही हात आहे. खाजगी कंपन्या पंप घेऊन आल्या, पण सरकारी कंपन्या तोट्यात विकत राहिल्या आणि त्यांची भरपाई होत राहिली. खाजगींना ती नव्हती. २००८ मध्ये रिलायन्सने आपले पंप बंद केले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर मोकळे झाल्यावर चित्र पालटू लागले. मे २०२३ मध्ये तर जिओ-बीपीने गुणवर्धक द्रव्ये मिसळलेले डिझेल सरकारी पंपांवरच्या साध्या डिझेलपेक्षा सुमारे एक रुपया कमी दराने विकायला काढले. उंची माल साध्याहून स्वस्त! आमच्या ओळखीच्या एका डिझेल गाडीवाल्या गृहस्थांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून विचारले, "मग त्यात घोटाळा काय आहे?" मनमाडचा इतिहास ज्या समाजाने पाहिला आहे त्याला हा प्रश्न शोभतो.

आता कथा पुन्हा 'गाडी आधी, इंधन मागून' याच वळणावर आली आहे. फक्त या वेळी इंधन पुढे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल काही पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वत्र झाले. इथेनॉल ठोकणे उत्तम सोसते. परिणामी, बीएस-दोनच्या काळात ८८ आणि बीएस-चारच्या काळात ९१ असलेला साध्या पेट्रोलचा अंक आता ९५ झाला. ज्या अंकासाठी उंची गाडीवाले वर्षानुवर्षे हिंडत होते तो आज साध्या नळीतून मिळतो. मात्र इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच असते, आणि त्यासाठी न घडविलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची काळजी आहेच. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. काही हौशी मंडळी डिसेंबर २०२० मध्ये पुण्यासह दहा शहरांत आलेल्या शंभर ऑक्टेनच्या 'एक्सपी १००' कडे वळली, ते त्यात इथेनॉल नसते या समजुतीने. तेव्हा त्याचा दर लिटरला १६० रुपये होता.

मारुंजीहून पुढे गेले की कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना लागतो. गुंठे विकून उरलेल्या वावरातला या भागातला ऊस तेथे जातो. देशातल्या इथेनॉलचा मोठा वाटा उसाचा आणि धान्याचा आहे. काळ्या गाडीतल्या गृहस्थांच्या घरी अजून ऊस आहे का, हे विचारण्याइतकी आमची ओळख नव्हती.

त्यांच्या गाडीचे झाकण उघडे होते तेव्हा आतली चिकटपट्टी आम्हाला रांगेतूनही वाचता आली. तिच्यावर किमान ऑक्टेन म्हणून ९५ लिहिले होते आणि खाली एका वर्तुळात 'ई १०', म्हणजे इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत. महाग नळीतून जे जात होते त्याचा अंक ९५ होता. साध्या नळीतल्याचाही. आणि इथेनॉल दोन्हींत वीस टक्के. टाकी भरल्यावर मुलाने झाकण लावून ते फडक्याने पुसले, "झालं दादा," म्हणाला, आणि आमच्याकडे वळून काही न विचारताच साधी नळी उचलली.