भट्टीवरची नानकटाई

नानकटाईचं मूळ सुरतेचं. डचांच्या भटारखान्यातून ती पारशी बेकरीवाल्यांच्या हाती आली, असं सांगतात. आमच्या पुण्यातल्या वाड्यात ती मे महिन्याच्या सुट्टीत व्हायची. स्टोव्ह-शेगडीच्या स्वयंपाकघरात ओव्हन कुठला! मग कालवायचं घरी आणि भाजायचं बेकरीत.

१९३७ साली बाजारात आलेल्या डालड्यानं हा लाड परवडू लागला. साजूक तूप आजी वरणभातासाठी राखून ठेवी. डालडा आणि पिठीसाखर ती परातीत तळहातानं फेसायची, पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत. मग मैदा, थोडं बेसन, चिमूटभर सोडा, वेलदोड्याची पूड. पाण्याचा थेंब नाही, म्हणून खुसखुशीत.

बेकरीत नंबर लावावा लागे. पाव निघून भट्टीची धग उतरली की घरगुती पत्रे आत जात. कडक आचेत नानकटाई बाहेरून करपते, आत कच्ची राहते. आपलाच माल परत मिळावा म्हणून आई तिथंच उभी राही. भाजणावळ किलोवर.

पुढे घरोघरी विजेचे गोल ओव्हन आले आणि रांगा आटल्या. तरी दिवाळीच्या आधी काही बेकऱ्या अजूनही घरचं पीठ भाजून देतात. मी तिथंच नेते.