लाकडी बांधकाम : जाणकारांची बदलती दृष्टी

पूर्वी वाडे व देवळांचे सभामंडप यांचा भार बहुधा सागवानी खांब-तुळयांवर असे. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. त्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातले. १८२८ च्या आगीत लाकूडकाम जळाले, दगडी जोते व तट तेवढे उरले. आग, वाळवी व ओल यांच्या भयाने पुढे अभियंत्यांचा ओढा सिमेंट-लोखंडाकडे वळला. १९९३ साली तर वनरक्षणासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने लाकडाचा वापरच बंद केला.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली हजारो माणसे दगावली. परंतु माळवदाचा भार लाकडी खणांवर होता अशा कित्येक घरांत भिंती ढासळूनही छत उभे राहिले, असे पाहणीत आढळले. खात्याची बंदीही २०२० मध्ये उठली.

तात्पर्य, जीर्णोद्धारात जुना खांब काढण्यापूर्वी जाणत्या सुताराकडून तो ठोकून, बुंध्याची ओल व वाळवी पाहून घ्यावी. निरोगी खांब राखणे हाही जीर्णोद्धारच होय.