दुर्मीळ मोटारीचा मार्गखर्च

पेशवाईच्या उत्तरकाळी जो व्यापारी पुण्याच्या पेठेतून माल भरून दूरच्या मुलखाकडे निघे, त्याला बैलांच्या भाड्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, धास्ती वाटेवरच्या जकातींची असे. कारण माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, आणि या दोन ठिकाणांच्या दरम्यान जितके महाल व जितक्या जहागिरी तितके नाके, असा तो बिकट मामला होता. या अडचणीतूनच हुंडेकऱ्यांचा वर्ग उदयास आला. व्यापाऱ्याकडून एकरकमी मोबदला घ्यायचा आणि वाटेतील यच्चयावत नाक्यांचा निकाल आपल्या शिरावर घेऊन माल ठरल्या ठिकाणी पोहोचता करायचा, हा त्यांचा पेशा; आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यातही या पेशाची दखल घेतलेली आहे.

एखादी दुर्मीळ, वापरलेली मोटार देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला काय खर्च येतो, या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला या हुंडेकऱ्यांचे स्मरण होते. वरवर पाहता हा केवळ मैलांचा आणि दराचा हिशेब वाटतो. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा मागोवा घेतला असता असे दिसते की, मोटारीच्या मार्गखर्चातला सर्वांत जाचक भाग अंतराने क्वचितच आकारला. तो आकारला सरहद्दींनी, वाटेत माप बदलणाऱ्या रुळांनी, पूल नसलेल्या नद्यांनी आणि सरकारी दप्तरांनी. या देशाच्या पोटात किती देश होते, आणि ते एकमेकांत विरघळायला किती काळ लागला, याचा एक विश्वसनीय पुरावा म्हणून मी या खर्चाकडे पाहतो.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार प्रथम अवतरली ती १८९८ च्या सुमारास, आणि तिच्या पहिल्या हिंदी मालकांत जमशेटजी टाटा यांचे नाव घेतले जाते. पुढील तीन दशकांत संस्थानिकांच्या हौसेने आणि आपसांतील चढाओढीने इंग्लंडातील हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली यांसारख्या नामांकित कारखानदारांनी बॉडी घडविलेल्या मोटारी या देशात येऊन पोहोचल्या. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस जुळणीचा कारखाना काढला, तेव्हा सामान्य सधन गृहस्थासही मोटार घेणे आवाक्यात येऊ लागले. तथापि आज ज्यांस आपण दुर्मीळ म्हणतो त्या मोटारी बहुतांशी राजवाड्यांच्या आवारातच विसावल्या, आणि राजवाडे तर मुंबई, कलकत्त्यासारख्या बंदरांपासून शेकडो मैल आत, निरनिराळ्या अंमलांखाली विखुरलेले. मोटारीच्या पुढील सगळ्या प्रवासाचे दुखणे या एका वस्तुस्थितीत आहे.

काठेवाडचे उदाहरण घ्यावे. तेथे दोनशेहून अधिक लहानमोठी संस्थाने नांदत होती, आणि त्यांपैकी मातब्बर संस्थानांची स्वतःची बंदरे होती: भावनगर, पोरबंदर, नवानगरचे बेडी. या बंदरांत उतरलेल्या मालावरची आयातपट्टी संस्थानच्या खजिन्यात पडे. तोच माल ब्रिटिश मुलखात शिरला तर सरकारचे उत्पन्न बुडू नये, म्हणून विरमगाम येथे जकातीची सीमा आखण्यात आली होती. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधीजी काठेवाडात चालले असता वढवाण स्टेशनावर मोतीलाल नावाच्या एका शिंप्याने त्यांच्या कानावर या चौकीच्या जाचाची कैफियत घातली. गांधीजींनी मुंबईच्या गव्हर्नरापासून व्हाइसरॉयपर्यंत तिचा पाठपुरावा केला आणि १९१७ साली ती सीमा उठली. परंतु नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांनी बेडी बंदराचा व्यापार नेटाने वाढविला, मुंबई बंदरास त्याची झळ लागू लागली, आणि १९२७ साली विरमगामची सीमा पुन्हा उभी राहिली. नवलाची गोष्ट अशी की, याच वर्षाच्या अंदाजपत्रकात हिंदुस्थान सरकारने मोटारींवरील आयातकर शेकडा ३० वरून शेकडा २० वर आणला होता. मोटार समुद्रावरून आणणे एका हाताने स्वस्त केले जात असता ती जमिनीवरून नेणे दुसऱ्या हाताने महाग केले जात होते. आणि संस्थानी बंदरात उतरलेली एखादी मोटार पुढे अहमदाबादच्या वा मुंबईच्या गिऱ्हाइकास विकायची म्हटली, की कर पूर्वी कोणास भरला आणि आता कोणास भरायचा, या वादातून तिला वाट काढावी लागे.

योगायोग असा की, हेच विरमगाम रुळांच्या मापाचीही सीमा होते. मुंबईहून येणारा साडेपाच फुटी ब्रॉडगेज मार्ग तेथे संपे आणि काठेवाडचे मीटरगेज जाळे तेथून सुरू होई. मोटार वाघिणीवर चढवायची तर बाजूचा सामान्य फलाट कामाचा नसतो. वाघिणीच्या टोकाला भिडणारा उताराचा धक्का लागतो, आणि तो प्रत्येक स्टेशनावर नसे. धक्का असलेल्या स्टेशनापर्यंत मोटार स्वतःच्या चाकांवर किंवा बैलांच्या ताकदीवर आणायची, ती हमालांनी ढकलून वर घ्यायची, चाकांखाली लाकडी गुटके ठोकायचे, दोरखंडांनी आवळायची, ताडपत्रीने झाकायची, आणि मापांचा सांधा आला की हे सर्व सोडून, उतरवून, दुसऱ्या वाघिणीवर पहिल्यापासून पुन्हा करायचे. प्रत्येक उतरणीस हमाली, प्रत्येक खोळंब्यास डॅमरेज, आणि प्रत्येक धक्क्यागणिक मडगार्डला पोच पडण्याचा संभव. रेल्वेचे दरही दोन असत, एक कंपनीच्या जोखमीचा आणि दुसरा, पुष्कळ स्वस्त, मालकाच्या जोखमीचा. आणि काटकसरीने दुसरा दर पत्करणाऱ्यास काच फुटली तरी दाद मागण्यास फारशी जागा उरत नसे.

हा प्रकार केवळ काठेवाडचाच होता असे नव्हे. आपल्याकडे पुण्यापर्यंत ब्रॉडगेज आणि पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढ्याकडे मीटरगेज अशी व्यवस्था होती. मिरज-कोल्हापूर फाटा शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९१ साली सुरू झाला तोही मीटरगेजच, आणि पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गाचे रुंदीकरण व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यास राजघराण्याची जुनी मायबाख मोटार आजही मिरवते. अशी गाडी आगगाडीने आणावयाची झाली असती, तर पुण्यास वाघीण बदलणे तिला चुकले नसते.

मग रस्त्याने का नेऊ नये? त्यासाठी आधी रस्ता हवा होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९२८ साली रस्त्यांची दुरवस्था सरकारच्या नजरेस आणली, आणि तिच्याच शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ पासून रस्तेनिधी उभारण्यात आला. आपल्या रस्त्यांच्या इतिहासात या समितीचे ऋण फार मोठे आहे आणि ते पुरेसे आठवले जात नाही, असे मला वाटते. तोपर्यंत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, मोठ्या नद्यांवर आगगाडीचा पूल असे पण गाडीरस्त्याचा नसे. उन्हाळ्यात फरशीवरून, एरवी तरीवरून मोटार पलीकडे न्यावी लागे, आणि पावसाळ्याचे चार महिने तर लांबचा प्रवास जवळजवळ बंदच राही. ज्याची मोटार दोन-अडीच टनांची, त्याला दोन नावा एकत्र बांधून वर फळ्या टाकण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागे.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, सौराष्ट्राचे राज्य १९४८ च्या फेब्रुवारीत अस्तित्वात आले, आणि संविधानाच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार व दळणवळण मुक्त असल्याचे जाहीर केले. तरी जुन्या सरहद्दी एका रात्रीत मिटल्या नाहीत. ३०६ व्या अनुच्छेदाने पूर्वीच्या संस्थानी मुलखांतील राज्यांना केंद्राशी करार करून अंतर्गत जकात काही काळ, कमाल दहा वर्षांपर्यंत, चालू ठेवण्याची मुभा दिली होती, कारण ते उत्पन्न एकदम बंद पडले असते तर त्या राज्यांच्या खजिन्यांची ओढाताण झाली असती. हा अनुच्छेद १९५६ साली रद्द झाला. याच संधिकाळात राजवाड्यांतील मोटारी बाहेर पडू लागल्या होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तनखे अपुरे पडत, पेट्रोल महागले, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि नोकरचाकरांचा लवाजमा आटला; मुंबईचे दलाल व हौशी लोक राजपुतान्यापासून काठेवाडापर्यंत फिरू लागले, आणि १९७१ साली तनखे बंद झाल्यावर तर या विक्रीस जोर आला.

येथे मला या इतिहासातील सर्वांत खेदजनक भाग सांगावासा वाटतो. त्या काळी जुन्या मोटारीला किंमत अशी फारशी नव्हती. बंद पडलेली, टायर कुजलेली, सात-आठ माणसे बसतील एवढी लांबलचक गाडी आडगावच्या पागेतून मुंबईस आणण्याचा खर्च तिच्या खरेदीपेक्षा जास्त होई. आणि जेथे असे होई तेथे ती गाडी जागच्या जागीच तोडली जाई. इंजिन पिठाच्या गिरणीला, चाके बैलगाडीला, पितळ तांबटाला, आणि उरलेले भंगारात. परदेशी खरीददार जहाजभाडे देण्यास तयार असत, कारण तिकडे किमती चढत होत्या. म्हणून राजवाड्यापासून मुंबईपर्यंतचा खर्च ज्या गाड्यांना झेपला, त्यांतील कित्येक पुढे समुद्रही ओलांडून गेल्या. राजकोटचे ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजी यांच्यासाठी १९३४ साली बांधलेली, ‘स्टार ऑफ इंडिया’ या नावाने विख्यात असलेली केशरी रंगाची रोल्स-रॉइस फँटम अशीच १९६८ च्या सुमारास इंग्लंडास गेली, आणि चार दशकांनंतर त्याच राजघराण्याने ती पुन्हा मिळविली. १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी देशाबाहेर पाठविण्यास सरकारने पुढे बंदी घातली, ती यथायोग्यच होती. परंतु तोवर पुष्कळ काही निघून गेले होते, आणि त्याहून अधिक तोडले गेले होते.

दुर्मीळ मोटारींचा दुसरा ओघ दिल्लीहून आणि गोव्याहून आला. आयातबंदी कडक झाल्यावर परदेशी वकिलातींतील अधिकारी मागे ठेवून जात त्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि मुंबईचे गिऱ्हाईक ती गाडी चौदाशे किलोमीटर चालवत आणण्यासाठी खात्रीचा ड्रायव्हर पाठवी. त्याचा भत्ता, मुक्कामाचा खर्च, पेट्रोल आणि वाटेत तुटलेल्या पाट्यांची दुरुस्ती, एवढाच त्याचा मार्गखर्च. गोव्यात पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस परदेशी मोटारी तुलनेने मोकळेपणाने येत होत्या. परंतु त्यांच्या वाटेत कुळे येथे पोर्तुगीजांची आणि कॅसलरॉक येथे भारताची अशा दोन जकातचौक्या होत्या, आणि १९५५ नंतर तर रेल्वेची वाटच बंद पडली होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर त्या चौक्यांचे प्रयोजन संपले, आणि मर्सिडीज व ओपेल गाड्या घाट चढून या बाजूस येऊ लागल्या.

सरहद्दी गेल्या, तरी शहरांच्या वेशी राहिल्या. गावात येणाऱ्या मालावर नगरपालिकेने कर घ्यावा, हा हक्क संविधानाच्या राज्यसूचीत कायम राहिला होता. मुंबईत मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोली येथील जकात नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत, आणि मालाची किंमत किती हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उपस्थित होई. नव्या यंत्राचे बिल असते. चाळीस वर्षे जुन्या, एकाच नमुन्याच्या, बाजारभाव नसलेल्या मोटारीचे मूल्य कारकुनाने ठरवायचे तरी कशाच्या आधारे? येथे वाहतूकदाराचा मुनीम पुढे होई, आणि मालकाशी ठरलेल्या एकरकमी बोलीत जकात, पावती, खोळंबा सगळे सामावून घेई. जुन्या हुंडेकऱ्याचे काम त्याच्याकडे आले होते. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली.

आज खर्चाची विभागणी निराळी झाली आहे. चाकण, साणंद, मानेसर या कारखान्यांच्या गावांवरून मोटारवाहू गाड्यांची सतत ये-जा असल्याने त्या मार्गांवर एका मोटारीची जागा स्वस्तात मिळते. परंतु दुर्मीळ मोटार असते जुन्या संस्थानच्या गावी, जेथे जाताना ट्रक रिकामा जातो, आणि ते रिकामे अंतरही तिच्याच बिल्टीवर चढते. बंदिस्त कंटेनर हवा तर दर आणखी चढतो. विम्याचा प्रश्नही सोपा नाही. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने डिसेंबर १९४० अखेरपर्यंत बनलेल्या प्रमाणित गाड्यांसाठी मालक व कंपनी यांनी मूल्य आधीच ठरवून घेण्याची सवलत ठेवली होती, आणि ती शहाणपणाची होती, कारण घसाऱ्याच्या कोष्टकाने अशा गाडीची खरी किंमत निघत नाही. शिवाय दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या वाहनास नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. ज्या मोटारीची नोंद एखाद्या विलीन संस्थानच्या दप्तरात झाली होती, तिचा दाखला शोधताना किती उंबरठे झिजवावे लागतात, याची कल्पना सहज करता येईल. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी वीस हजार रुपये शुल्काची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, त्यामुळे मार्ग काहीसा सुकर झाला; मात्र अशी गाडी रोजच्या वापरास नेता येत नाही, प्रदर्शने, रॅली व दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर यावी, अशी अट आहे. ही अट मला रास्त वाटते.

कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाड ते वेर्णे असे भरलेले ट्रक वाघिणींवरून नेण्यास प्रारंभ केला होता, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच मार्गावर खासगी मोटारींसाठीही तशी गाडी सोडली; एका मोटारीचे एका बाजूचे भाडे ७,८७५ रुपये ठेवण्यात आले. घाट नाही, नाका नाही, मापाचा बदल नाही, आणि दर आधीच छापलेला, अशी सोय या देशातील मोटारमालकास क्वचितच मिळाली असेल. मात्र ती सोय चालत्या मोटारीची, जी आपल्या इंजिनाच्या बळावर वाघिणीवर चढते आणि पलीकडे उतरते. सावंतवाडीच्या किंवा जतच्या एखाद्या वाड्यात तीस वर्षे जागची न हललेली, ब्रेक जाम झालेली गाडी हलवायची तर आजही चेनपुली, जाड फळ्या, अनुभवी मुकादम आणि त्याची माणसे लागतात. आणि सगळ्या बिलात ती वाड्याच्या दरवाज्यापासून हमरस्त्यापर्यंतची मजुरीच ठरविताना सर्वांत जास्त घासाघीस होते.