पाटवडी, सोया चाप आणि ‘व्हेज मटण’ : मेनू कार्डवरचं नकली मटण नेमकं काय असतं?

मूर्तिजापूर म्हटलं की रेल्वे जंक्शन, शकुंतला रेल्वे आणि गाडगेबाबा आठवतात. बाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुरे गावात गेलं. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत देण्याची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण वाढलं, असं सांगितलं जातं. पुढे मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षणाचं कामही उभं केलं. दुसरीकडे झणझणीत तर्रीचं मटण हीसुद्धा वऱ्हाडाचीच ओळख आहे.

आता या दोन्हींच्या मध्ये तिसरा प्रकार मेनू कार्डवर आलाय. ‘सोया चाप’, ‘व्हेज मटण’, ‘व्हीगन कबाब’ अशी त्याची नावं. मांस नाही, पण नाव आणि चव मांसाची. ताटात नेमकं काय येतं, हे त्या नावावरून कळतं का?

वऱ्हाडाला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. पाटवडी रस्सा, म्हणजे अनेक घरांतली पातोडी, हे याचं जुनं उदाहरण. बेसन शिजवून ताटलीत थापायचं, वड्या पाडायच्या आणि भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, गरम मसाला घातलेल्या रश्श्यात सोडायच्या. वाटण जवळपास मटणाचंच, वर तर्रीही तशीच. घरात निम्मे खाणारे आणि निम्मे माळकरी असले, की एकाच वाटणात दोन्हींची सोय होते. श्रावणात तर पाटवडीला पर्यायच नाही.

किनारपट्टीवर हेच काम वांग्याचे किंवा सुरणाचे काप करतात. तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून, तव्यावर तळले की माशाच्या तुकडीची आठवण येते. बंगालमध्ये कच्च्या फणसाला ‘गाछ पाँठा’, म्हणजे झाडावरचा बोकड, म्हणतात.

पण एक फरक आहे. पाटवडीने मटणाचा मसाला घेतला, नाव घेतलं नाही. कापांनीही ‘सुरमई’ हे नाव लावलं नाही. नवीन पदार्थ मात्र नावच उचलतात. वाद तिथूनच सुरू होतो.

नकली मांस तयार कसं होतं?

सगळ्यात ओळखीचा प्रकार सोयावडी. सोयाबीनमधून तेल काढल्यावर जे पीठ उरतं, ते पाणी आणि वाफेसोबत यंत्रात दाबाखाली तापवतात. बारीक छिद्रातून बाहेर पडताना दाब सुटतो, पीठ फुलतं आणि स्पंजसारखं जाळीदार होतं. म्हणूनच ती वडी रस्सा शोषून घेते आणि चावताना मांसासारखी लागते.

सोया चाप वेगळा. त्यात सोयाबरोबर बहुतेक वेळा मैदा असतो आणि तो काडीला गुंडाळून उकडतात. पाकिटबंद ‘प्लांट बेस्ड’ मांसात वाटाणा, सोया किंवा गव्हाचं प्रथिन, तेल आणि चवीचे घटक असतात. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांची ‘इमॅजिन मीट्स’ ही कंपनी याच व्यवसायातली. परदेशात कोंजॅक नावाच्या कंदापासून नकली कोळंबीही बनते.

गंमत म्हणजे अकोला-अमरावती हा सोयाबीनचाच पट्टा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. पण वडी आणि चाप यांतली कमाई पिकात कमी आणि प्रक्रियेत जास्त आहे. कच्चं सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं फारसं मिळत नाही.

हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. भारतीय नियमांनुसार दूध, दुधाचे पदार्थ आणि मध असलेला पदार्थही शाकाहारी ठरतो. मलईत घोळवलेला सोया चाप शाकाहारी आहे, पण व्हीगन नाही. उलट साध्या तेलात केलेली पाटवडी कोणताही शिक्का नसताना व्हीगन असते.

व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२२ मध्ये वेगळे नियम केले. प्राण्यांपासून मिळालेला कोणताही घटक नको, प्रक्रियेतही तो वापरलेला नको, अशी त्यात अट आहे. अशा पाकिटावर हिरव्या रंगातलं पानासह ‘व्ही’ हे चिन्ह असतं.

हॉटेलच्या मेनूला हे नियम लागू होतात का?

पाकिटाइतके काटेकोर नाहीत. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० पेक्षा कमी नाहीत इतक्या शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरीची माहिती द्यावी लागते. स्टेशनजवळची एकच शाखा असलेली खानावळ त्यात येत नाही. पण फसवायची मोकळीक कुणालाच नाही. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम २४ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला मनाई आहे आणि कलम ५३ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नावांचा वाद युरोपातही सुरू आहे. ‘व्हेजी बर्गर’सारख्या नावांवर बंदी घालायला युरोपीय संसदेने २०२० मध्ये नकार दिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र तिने निर्बंधांच्या बाजूने मतदान केलं. भारतात दुधाबाबत भूमिका आधीच स्पष्ट आहे. सोया किंवा बदामाच्या पेयाला ‘दूध’ म्हणून विकू नका, असं एफएसएसएआयने २०२१ मध्ये बजावलं.

पोषणात बरोबरी होते का?

प्रथिनांत बऱ्यापैकी. १०० ग्रॅम कोरड्या सोयावडीत साधारण ५० ग्रॅम प्रथिनं असतात. पण भिजल्यावर वडीचं वजन दोन-तीन पट होतं. त्यामुळे ताटातल्या शिजलेल्या वडीची तुलना मटणाशी केली, तर फरक उरत नाही.

व्हिटॅमिन बी-१२ ची गोष्ट वेगळी आहे. ते नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. पूर्ण व्हीगन आहार घेणाऱ्यांनी बी-१२ मिसळलेले पदार्थ किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या लागतात. मांसातलं लोह शरीरात जास्त सहज शोषलं जातं. वनस्पतींतलं लोह शोषलं जावं म्हणून जेवणात लिंबू पिळणं फायद्याचं. सोया किंवा गव्हाची ॲलर्जी असलेल्यांसाठी मात्र चाप धोक्याचा ठरू शकतो.

ऑर्डर देण्याआधी काय विचारायचं?

- रस्सा वेगळा आहे का? वडी बेसनाची असली, तरी वरची तर्री मटणाच्या पातेल्यातली असू शकते. माळकऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.
- तळणीचं तेल आणि तवा वेगळा आहे का?
- दही, मलई, तूप किंवा पनीर आहे का? व्हीगन असाल तर हे विचारणं गरजेचंच.
- मैदा आहे का? ग्लुटेन चालत नसेल, तर चाप टाळलेला बरा.
- ‘व्हेज मटण’ म्हणजे नेमकं काय? सोयावडी, फणस की पाकिटातलं तयार मांस, हे कळलं की किंमत योग्य आहे का तेही कळतं.

मटण खाणाऱ्याला मटण मिळावं, न खाणाऱ्याच्या ताटात त्याचा थेंबही येऊ नये, एवढीच दोघांची अपेक्षा असते. त्यासाठी मेनूवर पदार्थाच्या नावाखाली घटकांची एक ओळ लिहिली, तरी बराच प्रश्न सुटतो.