स्कँडिनेव्हियातील शेजारधर्म

अमुक युद्ध का झाले, या प्रश्नाचे उत्तर आपण शिक्षकमंडळी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे लिहून घेत आलो आहोत. कारणे, घटना आणि परिणाम या तीन कप्प्यांत युद्ध नीट बसवले, की गुण मिळतात. अमुक युद्ध का झाले नाही, असा प्रश्न मात्र मी माझ्या सबंध सेवेत एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिला नाही, काढलाही नाही. वस्तुतः तोच अधिक अवघड आहे. युरोपच्या उत्तरेकडील डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंड या पाच राष्ट्रांपैकी कोणत्याही दोघांत १८१४ नंतर आजतागायत युद्ध झालेले नाही. याचे कारण काय?

पहिले उत्तर सहज सुचते ते असे, की ही माणसे मुळातच शांत, धर्माने एक, आणि बहुतांशी भाषेनेही सख्खी. हे उत्तर टिकत नाही. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्याइतकी कडवी भाऊबंदकी त्या काळच्या युरोपातही क्वचितच सापडेल. १५६३ ते १७२१ या काळात ही दोन राष्ट्रे पुनःपुन्हा एकमेकांवर तुटून पडली. १६५८ च्या हिवाळ्यात समुद्र गोठला, तेव्हा स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्टाव्ह याने आपले सैन्य बर्फावरून चालवत डेन्मार्कच्या बेटांवर नेले आणि रोस्किल्डेच्या तहाने स्कोनेसारखा संपन्न प्रांत हिरावून घेतला. तो परत मिळवण्यासाठी डेन्मार्कने पुढे जी युद्धे केली, त्यांपैकी १६७६ च्या लुंडच्या लढाईत एका दिवसात हजारो माणसे मेली. कौरव-पांडवांची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना रक्ताच्या नात्याने युद्ध टळते असे कोणी पटवू नये.

दुसरे उत्तर रशियाच्या भीतीचे. त्यात तथ्य आहे. १८०९ साली स्वीडनला फिनलंड रशियाच्या हवाली करावे लागले. डेन्मार्कची राजधानी १८०७ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी भाजून निघाली होती. दोघेही थकले, लहान झाले. परंतु समान शत्रू असला म्हणजे शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात असे नाही. १९१२ साली तुर्कांविरुद्ध एक झालेले सर्बिया आणि बल्गेरिया १९१३ साली एकमेकांच्या उरावर बसलेच. लोकशाहीचे उत्तरही अर्धेच पडते, कारण १९०५ साली, जेव्हा खरी कसोटी लागली, तेव्हा स्वीडनमध्ये सर्व प्रौढ पुरुषांनासुद्धा मताधिकार नव्हता.

त्या कसोटीपाशी थोडे थांबले पाहिजे. १८१४ च्या कील येथील तहाने डेन्मार्कने नॉर्वे स्वीडनच्या राजाला दिला. नॉर्वेच्या लोकांनी ते मानले नाही. त्यांनी १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना जाहीर केली. तेव्हा स्वीडनचा युवराज बर्नादोत, जो मूळचा नेपोलियनचा सेनापती, सैन्य घेऊन आला. काही आठवड्यांचेच युद्ध झाले. जिंकण्याची ताकद असतानाही बर्नादोतने मॉसच्या करारात ती नवी घटना मान्य केली आणि नॉर्वेला एका राजाखाली, परंतु स्वतःची संसद असलेले राष्ट्र म्हणून राहू दिले. उदारपणा किती आणि हिशेब किती, हा वाद सोडून देऊ. संसद जिवंत राहिली, एवढे खरे.

त्याच संसदेने ७ जून १९०५ रोजी स्वीडनशी असलेला संबंध तोडला. निमित्त परदेशांतील स्वतंत्र वकिलातींचे, म्हणजे म्हटले तर क्षुल्लक. स्वीडनने सार्वमताची अट घातली. ऑगस्टमध्ये ३,६८,२०८ मते विभक्ततेच्या बाजूने पडली आणि १८४ विरुद्ध. सीमेवर दोन्ही सैन्ये उभी राहिली. कार्लस्टाड गावी वाटाघाटी तुटता तुटता राहिल्या. अखेर नॉर्वेने सीमेवरचे नवे किल्ले पाडण्याचे मान्य केले, जे तिथल्या लोकांना फार झोंबले. स्वीडनने एक राज्यच सोडून दिले, जे इथल्यांना त्याहून झोंबले. सीमेलगतचा पट्टा लष्करमुक्त ठरला आणि पुढचे तंटे लवादाकडे नेण्याचे ठरले.

माझ्या मते शांततेचे मूळ या शेवटच्या कलमात आहे. त्याहूनही, ते पाळण्यात आहे. चारच वर्षांनी, १९०९ साली, शेवंडीच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रिसबोदार्ना या समुद्रातील उथळ भागाचा निकाल हेगच्या लवादाने स्वीडनच्या बाजूने दिला. नॉर्वेने तो मानला. १९२१ साली पाळी स्वीडनची होती. ऑलंड बेटांवरचे लोक स्वीडिश भाषेचे, त्यांची इच्छा स्वीडनमध्ये जाण्याची. राष्ट्रसंघाने बेटे फिनलंडकडे ठेवली, मात्र स्वीडिश भाषेचे रक्षण आणि स्वायत्तता यांची हमी फिनलंडकडून घेतली. भाषेच्या सीमेवर आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा निकाल एकदा तरी मुळातून वाचावा. स्वीडनने नाराजी नोंदवली, पण मान तुकवली. आणि फिनलंडनेही दिलेला शब्द पाळला, हे अधिक महत्त्वाचे. १९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलंडच्या एका भागावर हक्क सांगितला. १९३३ साली हेगच्या न्यायालयाने तो डेन्मार्कचा ठरवला, आणि नॉर्वेने लगेच माघार घेतली.

पाहता पाहता प्रत्येकाने एकदा तरी हार पचवली होती. ज्याने काल निकाल मानला, त्याच्याविरुद्ध आज आपण बंड कसे करावे, ही लाज तयार झाली. १९४९ नंतर डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलंड अटलांटिक करारात गेले, स्वीडन तटस्थ राहिले, फिनलंडला रशियाशी जपून वागावे लागले. तरी १९५२ साली स्थापन झालेल्या नॉर्डिक परिषदेत पुढे सगळे एका बाकावर बसले. फिनलंड आणि स्वीडन त्या लष्करी करारात आले ते अगदी अलीकडे, २०२३ आणि २०२४ साली.

बाहेरून आलेले युद्ध यांपैकी कशानेही टळले नाही. १९३९ मध्ये फिनलंडने आणि १९४० मध्ये डेन्मार्क व नॉर्वे यांनी ते भोगले. फिनलंडमध्ये तर १९१८ साली घरातच यादवी माजून हजारो माणसे मेली. माझे म्हणणे शेजाऱ्या-शेजाऱ्यांपुरतेच आहे.

ज्या स्कोनेसाठी एवढे रक्त सांडले, त्याला कोपनहेगनशी जोडणारा पूल १ जुलै २००० रोजी खुला झाला. दररोज हजारो लोक त्यावरून कामाला जातात. जानेवारी २०१६ मध्ये निर्वासितांचा ओघ आवरण्यासाठी स्वीडनने या वाटेवर ओळखपत्रे तपासणे सक्तीचे केले, तेव्हा दोन्ही काठांवर बरीच ओरड झाली. ओरड होती ती कामावर पोहोचायला उशीर होतो म्हणून.